भावी डॉक्टर, मंगळवार पेठ

मंगळवार पेठेत सलमा कुतुबुद्दीन कुठं राहते म्हणून विचारलंत, तर दोन-चार माणसं डोकं खाजवतील. पण 'भावी' कुठं राहते म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा बोट करून दाखवील. ते काय, फ्लेक्सचं दुकान. बाहेर बांबू उभं केल्यात बघा, तिथं. तोंडावर तिला सगळे आपा म्हणतात. गिऱ्हाईक आपा म्हणतं, तालमीतली पोरं आपा म्हणतात, बापाच्या वयाचा आकाराम दूधवालासुद्धा आपाच म्हणतो. पाठ वळली की मात्र भावी. "भावीकडं टाकून ये की रं बड्डेचा बोर्ड." "भावीनं रंग झकास काढलाय." त्यात कुणाच्या मनात काही नसतं, जिभेला सवय लागलेली असते इतकंच. पण ज्याच्या पाठीवर वळ असतो त्याला तो रोज आंघोळीला लागतो.

हे नाव तिला चिकटलं तेव्हा ती बारावीत होती.

तिचा बाप कुतुबुद्दीन पेंटर, ब्रशचा माणूस. तालमीच्या भिंतीवरचा मारुती त्यानं रंगवलेला, मोहरमात पंजाच्या मांडवावरची अक्षरं त्याची, आणि किराणा दुकानापासून सोनारापर्यंत निम्म्या पेठेची नावं त्याच्या हातची. पोरीला डॉक्टर करायचं हे त्याच्या डोक्यात, आणि पोरीच्याही डोक्यात तेच. सीईटीचा पेपर देऊन आली, उत्तरं जुळवून बघितली, आणि उंबऱ्यात बसून आईला म्हणाली, "बसतंय बघ माझं." एवढंच म्हणाली. पण पेठेतली घरं कशी, एकाच्या चुलीवर दूध उतू गेलं तर शेजाऱ्याला वास. दिवस मावळायच्या आत ही गोष्ट अमरसिंहाच्या कानावर गेली.

अमरसिंह तेव्हा नुकताच पांढऱ्या कपड्यांत शिरला होता. महापालिकेची निवडणूक तोंडावर. पेठेत कुणाचं बारसं असो नाहीतर कुणाची म्हैस व्यालेली असो, ह्याचा फोटो तिथं. फ्लेक्स नवे नवे निघाले होते आणि ह्याला एक मोठा लावायला निमित्त पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सलमा दळण घेऊन निघाली, तर चौकात तीच उभी. बसच्या उंचीची. दहावीच्या फॉर्मवरचा फोटो, दोन वेण्या, ओढून मोठा केल्यानं कडा फाटलेल्या. शेजारी कानाला मोबाईल लावलेला अमरसिंह तिच्या तिप्पट. वर लिहिलेलं, 'पेठेची शान, भावी डॉक्टर कु. सलमा हिचं हार्दिक अभिनंदन.'

कुतुबुद्दीन चौकात आला, मान वर करून बघत राहिला. अमरसिंह पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय चाचा, कसं वाटतंय?"

"रंग वाळायच्या आत पाटी टांगू नये बाबा. बोटं उमटत्यात."

"आता रंगाचा जमाना गेला, चाचा. हे मशीनमधनं वाळूनच येतंय."

निकाल लागला. थोडक्यात हुकलं. हुकलं तर हुकलं. पुढच्या वर्षी पुन्हा बसता आलं असतं, नर्सिंग होतं, फार्मसी होतं, वाटा काय कमी होत्या? पण वाटेला लागायचं तर आधी घराबाहेर पडावं लागतं. घराबाहेर चौक होता, आणि चौकात ती स्वतःच दोन वेण्या घालून हसत उभी होती. खाली कट्ट्यावरची पोरं. "डॉक्टर, खोकला लागलाय, काय घेऊ?" "भावी, सुई टोचतीस काय?"

बाप अमरसिंहाच्या दारात गेला. आयुष्यात कुणाच्या दारात मजुरीसाठीसुद्धा दोनदा न गेलेला माणूस. म्हणाला, "तेवढा बोर्ड काढा." अमरसिंहानं चहा पाजला, खांद्यावर हात टाकला. "चाचा, निवडणूक होऊ द्या. माझाबी फोटो हाय की त्यावर. आत्ता काढला तर लोकं म्हणतील, अमरसिंहानं माघार घेतली."

आणि कोल्हापुरात फ्लेक्स आपल्या हातानं काढायची सोय नाही. पुढाऱ्याचा फोटो फाटला की त्या रात्री दोन तालमींची डोकी फुटतात. म्हणून वारा आला तरी लोक आधी फ्लेक्स बांधतात, मग घरचे पत्रे. बोर्ड राहिला. पावसाळा गेला, गणपती गेले, दसरा गेला. निवडणूक झाली, अमरसिंह पडला, आणि मग बांबूवाल्यांनी बोर्ड उतरवला तो आकारामनं मागून घेतला. त्याच्या मनात पाप नव्हतं, गोठा गळत होता. पण त्या दिवसापासून त्याच्या म्हशींच्या डोक्यावर भावी डॉक्टर पसरली, आणि कट्ट्यावर नवीन गंमत निघाली. डॉक्टरला पेशंट मिळालं.

बाप त्यानंतर गोठ्याच्या बोळातनं गेला नाही. मरेपर्यंत गेला नाही, लांबनं वळसा घालून जायचा. पोरीला म्हणाला, "पुन्हा पेपर दिलास आणि पुन्हा गेला तर? ते पुन्हा लावतील." ती पुन्हा बसली नाही. पेठ वडगावला लग्न लावून दिलं. नाव तिच्या आधी तिथं पोचलेलं. सासू पाहुण्यांना सांगायची, "ही आमची भावी डॉक्टर. जा गं, च्या आण." थोड्या वर्षांनी ती परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आली ती कॉम्प्युटर शिकली. ज्या फ्लेक्सनं बापाच्या पोटावर पाय दिला आणि तिच्या तोंडावर, त्याच फ्लेक्सचं दुकान तिनं धाकट्या भावाला, नईमला, हाताशी धरून काढलं. लोक म्हणाले, पोरगीनं सगळं गिळलं. गिळलं नव्हतं. गालात धरलं होतं.

तिचं वैर बाकीच्यांसारखं नव्हतं, बोंबलून करायचं. तिनं सूड उगवायचा ठरवला तो अमरसिंहाच्या जागेवर. त्याची जागा म्हणजे चौक. आणि चौकातली जागा अडवायची तर बोर्डावर लावायला माणसं लागतात. म्हणून तिनं माणसं वाढवायला घेतली.

गुंडू फौंड्रीवाल्याचा पोरगा आदर्श एकदा शाळेचा तक्ता छापून न्यायला आला. सलमानं मशीनवरून मान न उचलता विचारलं, "नववीत हाईस न्हवं? म्होरं काय?"

"बघू की."

"बघू की ही कुठली नोकरी रं? पगार किती हाय तिला?"

पोरगं हसलं, पायानं जमीन उकरायला लागलं. नईम बाहेर गेला तेव्हा हळूच म्हणालं, "आपा, रेल्वेचं इंजान चालवायचंय. हातकणंगल्याला मामाच्या घराजवळनं गाडी जाती. ड्रायव्हर हात करतोय."

सलमानं त्याचा फोटो काढला, इंजिनाच्या खिडकीत बसलेला एक माणूस शोधला, त्याचं डोकं उडवून आदर्शचं बसवलं. "डोकं तुझं, बाकी उद्याचं." पोरगं पडद्याकडं असं बघत राहिलं, जसं आरशात दुसरंच कुणीतरी दिसावं. मग तिनं उलटं विचारायला सुरुवात केली. ही तिची रीत. शेवटाकडनं धरायचं आणि मागं मागं यायचं.

"ही गाडी सुटली. तिच्या आदी तू कुठं हुतास?"

"ट्रेनिंगला असंल."

"त्याच्या आदी?"

"परीक्षा."

"त्याच्या आदी?"

"आयटीआय. त्याच्या आदी धाव्वी."

"आणि उद्या सकाळी?"

आदर्शनं पुन्हा पायानं जमीन उकरली. "गणिताच्या सरांच्या घरी. मी त्यांच्या गाडीची हवा सोडलीया. त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलंय, फळा दिसत न्हाय."

"मग तेच सगळ्यात खाली लिवू. उद्या सकाळी, सरांची माफी."

फ्लेक्सची उरलेली कात्रणं दुकानात रग्गड. वहीएवढ्या तुकड्यावर तिनं ते छापलं. वर इंजिन, मधे एकेक पायरी, तळाला माफी. आणि ताकीद दिली, "हे कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवायचं. दार उघडलं की तुला दिसंल, झाकलं की कुणाला न्हाय. आईला दाव, बाला दाव. मामाला न्हाय, दोस्ताला न्हाय. खरं झाल्याबिगर हे दाराच्या भाईर आलं तर मी पुन्हा तोंड बघणार न्हाय तुझं."

अशी किती पोरं आली ते तिनं मोजलं नाही. कुणाच्या कपाटात नर्स होती, कुणाच्या कपाटात चांदीच्या कारखान्याचा मालक, एकाच्या कपाटात नुसतं एसीत बसलेलं माणूस, कारण त्याला कामाचं नाव ठरवता येत नव्हतं पण गारवा पाहिजे होता. त्यालाही तिनं मागं मागं आणलं, तेव्हा तो एसी दुरुस्तीवर येऊन थांबला. सगळ्यांचं झालं असं नाही. ज्यांचं हुकलं त्यांनी कपाटाचं दार उघडून कात्रण काढलं, नवीन लावलं, पेठेला पत्ता नाही. पोरांच्या फाईलीत सगळे शब्द होते, 'भावी' नव्हता.

आणि ज्याचं झालं, हातात नेमणुकीचा कागद आला, त्याचा बोर्ड मात्र ती पदरच्या पैशानं छापायची. उजाडायच्या आत नईम बांबूवर चढून तो चौकात लावायचा, त्याच जागेवर. बोर्डावर फक्त पोरगं आणि त्याचे आईबाप. खाली शुभेच्छुकांची रांग नाही, मिशा नाहीत, मोबाईल नाहीत. हा तिचा कायदा. आदर्शला नेमणूक मिळाली तेव्हा गुंडू आपल्या फोटोखाली उभा राहून ढसाढसा रडला आणि अमरसिंह बोर्डावर आपला फोटो नाही म्हणून दुकानात आला.

"काय आपा, आमचा फोटो टाकायचा ऱ्हायला वाटतं पोराच्या बोर्डावर."

"जागाच उरली न्हाय बघा, दादा."

"पेठेचा म्हणून आशीर्वाद तर पाहिजे."

"आशीर्वाद असू द्या की. दिसायला कशाला पाहिजे?"

तो हसला. त्याला कळलं नाही. तो स्वतःचे बोर्डही तिच्याकडंच छापायचा, कारण पेठेत तेवढं स्वस्त आणि सुबक दुसरं कुणी करत नव्हतं. मधल्या काळात तो एकदा पडला, एकदा वॉर्ड बायकांना राखीव गेला, मग निवडणुकाच लांबत राहिल्या. केस पांढरे झाले तरी बोर्डावर 'भावी नगरसेवक' कायम; तेवढी अक्षरं नईम टाकायचा. त्याच्या बोर्डात सलमा बाकीच्या सगळ्या शुभेच्छुकांना गोरं करायची, गालावरचे खड्डे बुजवायची. त्याला तसाच ठेवायची, हनुवटीखालच्या हनुवटीसकट. एवढ्यावर तिची तहान भागत नव्हती, पण घोट घोट चाललं होतं.

मग एक दिवस त्याची पोरगी दुकानात आली. संयोगिता, अकरावीची. विज्ञानाचा तक्ता हवा होता. खोटं कशाला बोला, सलमानं तिला आत बसवलं ते मायेनं नव्हे. वैऱ्याच्या घराची किल्ली आपल्या पायानं चालत आली होती.

"म्होरं काय?"

"बाबा म्हणत्यात डॉक्टर."

"मी बाबाला इचारलं न्हाय."

पेठेतल्या पोरी मी करतो, मी जातो असंच बोलतात. बायकी रूप त्यांच्या तोंडात बसत नाही. संयोगिता म्हणाली, "मी रेफ्री हुतो, आपा. फुटबॉलचा."

सलमाला पहिल्यांदा हसू आलं. ह्या गावात पेठापेठांचे सामने होतात, हजारो माणसं मैदानात बसतात आणि सगळ्यात जास्त शिव्या रेफ्रीला पडतात. "लोकं तुझ्या आईबाचा उद्धार करतील, पोरी."

"करू देत. पिवळं कार्ड माझ्या खिशात असतंय न्हवं."

ते उत्तर सलमाला आवडलं. तिनं मनात ठरवलं, अमरसिंहाची पोरगी भर मैदानात शिट्टी घेऊन उभी राहील, आणि त्याच्याच तालमीच्या संघाला कार्ड दाखवील. त्याच्या डोळ्यांत धूळ फेकून तिनं पोरीचं कात्रण छापलं. वर शिट्टी, मग जिल्ह्याची रेफ्रीची परीक्षा, त्याच्या आधी पळायची चाचणी, तळाला 'उद्या सकाळी: मैदानाला फेऱ्या'. पोरगी रोज पहाटे पळायची. बापाला वाटायचं, वजन कमी करते.

बारावीनंतर तिला डॉक्टरकीच्या परीक्षेला बसवलं. पेपर झाला, निकाल यायचा होता, आणि मधेच अमरसिंहाचा वाढदिवस आला. तो दुकानात आला, खुर्चीत फतकल मारून बसला.

"ह्या बारीला तीस बाय वीस. माझा फोटो मोठा. आणि शेजारी संयोगिता. भावी डॉक्टर संयोगिता अमरसिंह. पोरीनं पेपरात नुसता जाळ काढलाय."

"निकाल लागला व्हय?"

"लागंल की. लागल्यावर सगळेच लावत्यात. आदी लावण्यात मजा हाय."

सलमाच्या तोंडात गोड लाळ सुटली. इतकी वर्षं ती चौकातली जागा अडवत बसली होती, आणि आज तो स्वतः होऊन आपलंच पोर त्या जागेवर टांगायला निघाला होता.

तो गेल्यावर नईम म्हणाला, "आपा, हे तर तसलंच."

"तसलंच."

"छापायचं?"

"छापायचं. चांगल्या मटेरियलवर. चार पावसाळं टिकंल असं. उतरल्यावर आकारामच्या गोठ्याला पोचव."

नईमनं बहिणीकडं बघितलं. "पोरीचं काय?"

"माझं काय झालं हुतं?"

त्या दुपारी तिनं अमरसिंहाच्या मोबाईलवरून आलेला संयोगिताचा फोटो पडद्यावर घेतला, कडा कापल्या, भावी हा शब्द सोन्याच्या रंगात लिहिला. तो शब्द तिच्या बोटांनी आयुष्यात पहिल्यांदा टाईप केला. तेवढ्यात संयोगिता धापा टाकत दुकानात शिरली. तिच्या आईनं, वर्षाराणीनं, घरात बोर्डाची गोष्ट काढली होती.

"आपा, छापू नका. मी अर्धा पेपर कोरा टाकलाय."

"मग सांग की बाला."

"सांगतो की. पण बोर्ड लागल्यावर सांगून काय उपेग? बोर्ड खरा करायला बाबा मला लातूरला क्लासला टाकणार. एक वर्ष, दोन वर्ष, बोर्ड खरा हुईस्तोवर. रेफ्रीची परीक्षा पावसाळ्यात हाय. ती जाती माझी."

पडद्यावर संयोगिता सोनेरी अक्षराखाली हसत होती आणि दारात रडायला आली होती.

"तुमच्यावर आलं ते माझ्यावर आणू नका."

"तुझ्यावर न्हाय आणत. तुझ्या बावर आणतोय."

"मग त्यावर माझा फोटो कशाला?"

सलमानं पोरीला घरी जायला सांगितलं. छापणार का नाही ते सांगितलं नाही. खुर्ची ओढून पडद्यापुढं बसली. बापाचा बोळातनं वळसा आठवला. सासूचा चहा आठवला. आणि मग दोन वेण्यांची पोरगी आठवली, तिनं अमरसिंहाचं काय बिघडवलं होतं? त्याला पोरगी नको होती, त्याला बोर्ड पाहिजे होता. पोरगी त्यात खिळा होती, बोर्ड टांगायचा. आता ती स्वतः त्याच भिंतीत तसलाच खिळा ठोकायला निघाली होती.

पण म्हणून सूड सोडायचा? ते तिच्या रक्तात नव्हतं. तिनं माऊस धरला आणि संयोगिताचा फोटो उडवला. मग नाव उडवलं. मग 'डॉक्टर' उडवलं. निळ्या आभाळात नुसता अमरसिंह उरला, हात जोडलेला, ट्रकएवढा. वर 'वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा', मधे सोन्याच्या अक्षरात 'भावी', आणि त्याच्यापुढं मोकळं आभाळ.

गिऱ्हाइकाला नमुना पाठवायचा, त्यानं होकार दिला की छापायचं, असा धंद्याचा नियम. सलमानं नियम पाळला. नमुना जसाच्या तसा अमरसिंहाच्या मोबाईलवर पाठवला. तिला ठाऊक होतं तो कसा बघणार. सगळं कोल्हापूर तसंच बघतं. बोटांनी ताणून आधी स्वतःचं तोंड मोठं करायचं, डावीकडनं बघायचं, उजवीकडनं बघायचं, आणि मोबाईल ठेवायचा. बाकीचा बोर्ड बाकीच्यांसाठी असतो.

थोड्या वेळानं उत्तर आलं. 'चेहरा जरा उजळ कर. बाकी ओके.'

ह्या वेळी तिनं त्याला मनापासून उजळला. सोललेल्या अंड्यासारखा केला.

वाढदिवसाला पहाटे नईमनं बोर्ड चढवला. उजाडलं, दूध घ्यायला माणसं चौकात आली, वर बघितलं, पुन्हा बघितलं. आकारामनं चष्मा पुसला. "भावी काय म्हणायचं रं हे?" कट्ट्यावरचं एक पोरगं म्हणालं, "भावी म्हातारा." दुसरं म्हणालं, "भावी म्हणजे भावीच. म्होरं कायबी न्हाय. बरोबरच हाय की." आंघोळी व्हायच्या आत पेठेतल्या प्रत्येक मोबाईलवर तो फोटो गेला, आणि मोकळ्या आभाळात ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहून पुढं पाठवलं. पाहुणे यायला लागले. जेसीबीच्या सुपातनं अमरसिंहाच्या अंगावर झेंडूची फुलं ओतली, आणि तो वर बघून हात जोडायला गेला तेव्हा त्यानं पहिल्यांदा बोर्ड पुरा वाचला.

फुलं अंगावर तशीच, तो दुकानात आला.

"काय केलंस हे?"

सलमानं मोबाईल पुढं धरला. "तुम्हीच ओके दिलाय, दादा. चेहरा उजळ कर म्हटलासा, केला."

"माझी पोरगी कुठं हाय?"

"तुम्ही तिला बघितलीच न्हाई. म्या म्हटलं, नको असंल."

त्यानं मोबाईल घेतला. स्वतःचा निरोप वाचला. नईम बांबू धरून दारात उभा होता. अमरसिंहाचा आवाज खाली आला, आणि तो खाली आलेला सलमानं ऐकला तसा तिच्या आतल्या कुठल्यातरी कोपऱ्यात बाप ताठ झाला.

"काढ तो बोर्ड. आत्ताच्या आत्ता."

"निवडणूक होऊ द्या की, दादा," सलमा म्हणाली. "तुमचाच फोटो हाय त्यावर. आत्ता काढला तर लोकं म्हणतील, अमरसिंहानं माघार घेतली."

त्याला आठवलं का? आठवलं. त्याच्या तोंडावरून ते पाण्यासारखं उतरताना तिनं बघितलं. तिला वाटलं होतं, ह्या क्षणी ती ओरडेल, रडेल, बापाचं नाव घेईल. तिनं फक्त एक झेंडूचं फूल त्याच्या खांद्यावरून उचललं आणि बाजूला ठेवलं.

बोर्ड राहिला. वाढदिवसाला स्वतःचा बोर्ड उतरवणं म्हणजे अपशकुन, आणि दुसऱ्या दिवशी उतरवला तर विरोधक हसणार, म्हणून त्याच्याच पोरांनी राखण केली. पावसानं तो भिजला, पण मटेरियल चांगलं होतं. डॉक्टरकीचा निकाल लागला तो घरातल्या घरात. चौकात कुणी काही बोललेलं नव्हतं, त्यामुळं चौकाला काही विचारायचंही नव्हतं. वर्षाराणीनं नवऱ्याला लातूरचं नाव काढू दिलं नाही. त्या घरात 'भावी' हा शब्दच कुणी उच्चारत नव्हतं.

पण संयोगिता दुकानात आली ती आनंदानं नाही. "बाबा जेवत न्हाईत. भाईर पडत न्हाईत. मला कट्ट्यावरनं हाक मारत्यात, भावीची पोरगी."

"माझा बाप गल्ली बदलून जायचा," सलमा म्हणाली. "मरेस्तोवर."

"म्हाईत हाय मला. तरीबी." तिनं खिशातलं पिवळं कार्ड काढून सलमाच्या नाकासमोर धरलं. हसली नाही. "हे तुम्हाला. पुन्हा केलंत तर तांबडं."

सलमानं ते कार्ड बघितलं. तिला पश्चात्ताप झाला नाही, तो तिनं ओढूनताणून आणलाही नाही. पण पोरीनं कार्ड खाली घेतलं नाही हे तिनं बघितलं, आणि रेफ्री होणार म्हणून मनातल्या मनात खूण केली.

पावसाळा संपता संपता पोरगी पळायच्या चाचणीत बसली, मग लेखी परीक्षेत. निकालाचा कागद हातात घेऊन आली तेव्हा सलमानं विचारायच्या आधीच बोर्ड मांडायला घेतला. संयोगिता शिट्टी घेऊन. खाली वर्षाराणी. आणि मग तिचा हात थांबला.

"आपा," संयोगिता म्हणाली, "कायदा तुमचाच हाय. पोरगं आणि आईबाप."

नईम तोंड फिरवून हसला. सलमानं अमरसिंहाचा फोटो फाईलीतनं काढला. छोटा केला. आणखी छोटा केला. वर्षाराणीच्या शेजारी, टपालाच्या तिकिटाएवढा, बापाच्या जागेवर लावला. गोरा केला नाही. हनुवटीखालची हनुवटी तशीच ठेवली.

जुना बोर्ड उतरवल्याशिवाय नवा लागणार नव्हता. अमरसिंहानं स्वतः माणसं पाठवून तो उतरवला, आणि विरोधकांसकट कुणी ब्र काढला नाही, कारण पोरीचा बोर्ड लागत होता. जुना आकारामनं मागून घेतला. गोठा पुन्हा गळत होता.

त्या दिवशी सलमा दळण घेऊन गोठ्याच्या बोळातनं गेली. सरळ, मधोमध. म्हशी रवंथ करत होत्या, त्यांच्या डोक्यावर अमरसिंह हात जोडून पसरला होता. ती चौकात येते न येते तोच मागनं कुणीतरी मोठ्यानं हाक मारली, "ओ भावी!"

सवयीनं तिची मान वळली. कट्ट्यावरची पोरं तिच्याकडं बघतसुद्धा नव्हती, त्यांची नजर पलीकडं होती. रस्त्याच्या पलीकडं पोरीच्या बोर्डाखाली पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस मान वर करून कोपऱ्यातलं काहीतरी बारीक शोधत होता. हाक ऐकून तो दचकला आणि लगबगीनं शेजारच्या बोळात वळला.

सलमानं दळणाचा डबा खाली ठेवला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत पोटभर बघून घेतलं.